कोल्हापुरात दोन कुत्र्यांना घेऊन बागा, पुतळे आणि जुन्या वास्तू पायी बघायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत नव्याने राहायला आला आहात, घरात तीन वर्षांची लॅब्रेडोर आणि एक देशी कुत्रा आहे, आणि सुट्टीच्या दिवशी दोघांना घेऊन शहर बघायचंय.

जागा नंतर ठरवा, आधी वेळ ठरवा. कोल्हापूरचे बहुतेक चांगले पुतळे भर चौकात आहेत. सकाळी नऊनंतर त्या चौकांत वाहनांतून वाट काढणं माणसालाच अवघड जातं, कुत्र्याचं तर विचारूच नका. तेच चौक पहाटे साडेपाच ते साडेसात मोकळे असतात. सूर्य तिरका असल्यामुळे पुतळ्याच्या चेहऱ्यावरचं कामही तेव्हाच नीट दिसतं.

बागांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. महावीर उद्यान, हुतात्मा पार्क, पद्माराजे उद्यान या बागांना फाटक आहे, पाटी आहे, वॉचमन आहे. पाटी वाचायची, वॉचमनला विचारायचं, आणि नाही म्हटलं तर हुज्जत न घालता बाहेरच्या फुटपाथवरून चालायचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांमध्ये पाळीव कुत्र्यांसाठी बागेची वेळ ठरवून देण्याचा उल्लेख आहे. त्यामुळे 'सकाळी सहाच्या आत, पट्ट्यावर, साफसफाई आमची' असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. पण फेरीचा सगळा आराखडा बागेच्या भरवशावर आखू नका. पुतळे हा मुख्य कार्यक्रम, बाग मिळाली तर वरचा लाभ.

सामानात सर्वांत महत्त्वाचा पट्टा. दीड ते पावणेदोन मीटरचा साधा, न ताणणारा पट्टा घ्या. बटण दाबून लांब होणारा पट्टा गल्लीबोळात धोक्याचा, कारण दुचाकी येते तेव्हा कुत्रा तीन-चार मीटर पुढे गेलेला असतो. लॅब्रेडोर ओढत असेल तर छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस वापरा, ओढ लगेच कमी होते. दोघांचे पट्टे एका हातात गुंडाळू नका. शक्य असेल तर दोन कुत्र्यांना दोन माणसं, किमान पहिले तीन-चार आठवडे. माणशी एक लिटर पाणी, एक पसरट वाटी, प्रत्येक कुत्र्यामागे तीन पिशव्या, जुना टॉवेल आणि अँटी-रेबीज लसीच्या कार्डाचा फोटो. कुत्रे पाळण्याच्या परवान्याची चौकशी महापालिकेच्या कार्यालयात करून ठेवा.

पहिली फेरी दसरा चौकातून सुरू करा. गाडी तिथे लावली तर खासबागेपर्यंत साधारण दोन-अडीच किलोमीटर चाल होते. कुत्री सोबत असली की याला सव्वा तास लागतो आणि तो लागू द्यावा. माणूस पुतळा बघायला थांबतो, कुत्रा वास घ्यायला. दोघांचे थांबे एकाच जागी पडत नाहीत, म्हणून क्रम असा ठेवा: चौकाच्या अलीकडे झाडाखाली किंवा मातीत पाच मिनिटं मनसोक्त हुंगू द्या, शी-शू उरकू द्या, मग पट्टा हातभर आखूड करून चौकात या. हा क्रम चुकला की नर कुत्रा पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी पाय वर करतो. कोल्हापुरात पुतळा ही शोभेची वस्तू नाही, लोक तिथे रोज हार घालतात. तुम्ही कितीही माफी मागितली तरी ते लोकांच्या मनाला लागणारच, आणि पुढच्या कुत्रेवाल्याची वाटही बंद होते. कठड्याच्या आत कुत्रा न्यायचाच नाही.

दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. आजूबाजूला वसतिगृहांच्या इमारती दिसतात, त्यांच्यासकट हा चौक बघा. सगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी शिकावं म्हणून महाराजांनी बोर्डिंगं काढली, त्यातलं मुस्लिम बोर्डिंग याच चौकात आहे. इथून भाऊसिंगजी रोडने सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला गेलं की टाऊन हॉल. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८७६ साली पूर्ण झालेली ही इमारत, टोकदार मनोरे आणि उतरती छपरं. आत संग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. कुत्र्यांना घेऊन आत जाता येणार नाही, तेव्हा त्यासाठी वेगळा दिवस काढा. बाहेरची जुनी मोठी झाडं आणि इमारतीचा दर्शनी भाग मात्र पहाटेच बघावा. शेजारी रुग्णालय आहे, म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला या टप्प्यावर नेऊ नका.

परत दसरा चौकात येऊन आईसाहेब महाराजांच्या पुतळ्यावरून बिंदू चौकात या. रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार असतो, गाड्या पहाटेपासूनच लागायला सुरुवात होते, म्हणून हा टप्पा शनिवारी करा. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे शेजारी शेजारी आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते उभे राहिले, शिल्पकार बाळ चव्हाण. बाबासाहेबांचं निधन १९५६ सालचं, म्हणजे हा पुतळा त्यांच्या हयातीतला. माझ्या मते या शहरात एकच पुतळा बघायचा झाला तर हा. मागे जुन्या कोटाची तटबंदी आहे. तिथल्या सावलीत कुत्र्यांना बसवून पाणी पाजता येतं.

पुढे शिवाजी चौक. इथे आधी मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. स्वातंत्र्यचळवळीत त्याची मोडतोड झाली आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा आला. पुतळा एकच असला तरी जागेचा इतिहास दुहेरी आहे. इथून भवानी मंडपाची कमान बाहेरूनच बघा. अंबाबाईच्या मंदिराकडे आणि महाद्वार रोडला कुत्री नेऊ नका, मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात तर त्या बाजूलाच फिरकू नका. मंडपाला वळसा घालून खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह. दोन्ही शाहू महाराजांच्या काळातलं काम. नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये मोठी आग लागली होती. बांधकामाची हालचाल दिसली तर रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चाला, खिळे आणि पत्र्याचे तुकडे पंजात घुसतात. दम असेल तर मिरजकर तिकटीवरून खरी कॉर्नरला जा. तिथे कॅमेऱ्याचं शिल्प आहे, बाबूराव पेंटरांच्या आणि कोल्हापूरच्या चित्रपटाच्या आठवणीचं. पुतळा म्हटलं की माणूसच असं समजणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवा.

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न. प्रत्येक गल्लीची टोळी ठरलेली असते, आणि अंगावर येण्याआधी ती इशारा देते: शेपूट ताठ, नजर रोखलेली, एक कुत्रा पुढे. तेवढ्यातच रस्ता ओलांडा, तुमचा कुत्रा तुमच्या पलीकडच्या बाजूला घ्या आणि चाल तीच ठेवा. पळालात तर ती मागे येतात. दगड उचललात तर तुमचाच कुत्रा बिथरतो. पट्टा ताणू नका, ताणलेला पट्टा म्हणजे आपल्या कुत्र्याला 'भीती आहे' असा निरोप. मटण मार्केट आणि रात्री खाऊच्या गाड्या लागतात त्या जागा पहाटे टाळा. तिथे शिजलेली हाडं पडलेली असतात. त्यांच्यावरून भांडणं होतात, शिवाय शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं आणि आतड्याला इजा करतं. माणसाला चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही.

दुसरी फेरी रंकाळ्याची. पूर्ण फेरा साधारण चार-साडेचार किलोमीटरचा, म्हणून पहिल्यांदा अर्धाच करा. रंकाळा टॉवरपासून काठाने निघून शालिनी पॅलेसच्या बाजूला जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. पाण्यातला संध्यामठ आणि मागे पॅलेस, हे दृश्य सकाळी सातच्या आत. संध्याकाळी चौपाटीला नेऊ नका, गर्दीपेक्षा जमिनीवर पडलेलं खाणं जास्त धोक्याचं. त्यातही खाऊन टाकलेलं कणीस सगळ्यांत वाईट. लॅब्रेडोर ते चावत नाही, गिळते. कणसाचा आतला भाग पोटात विरघळत नाही आणि आतड्यात अडकतो, मग बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. 'सोड' हा शब्द घरी खाऊ देऊन पक्का करून घ्या, नाहीतर त्या वाटेवर तोंडाला जाळीचं मुस्कं घाला. जाळीच्या मुसक्यात धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं, कापडी मुसक्यात ते होत नाही.

रंकाळ्याच्या पाण्यात कुत्र्याला उतरू देऊ नका, पिऊही देऊ नका. सांडपाण्यातलं खत पाण्यात साचलं आणि ऊन पडलं की निळं-हिरवं शेवाळ वाढतं, पाण्यावर रंग सांडल्यासारखी साय दिसते. त्यातल्या काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष तयार करतात. कुत्र्याला धोका पाणी पिण्यात असतो, तसाच बाहेर आल्यावर अंग चाटण्यातही असतो. चुकून उतरलाच तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. उलटी, लाळ, झोकांड्या, झटके यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे. केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा गालिचा दिसला तर आणखी सावध, कुत्र्याला ती जमीन वाटते. कळंब्याला तर पाण्यात उतरवूच नये, ते पिण्याचं पाणी आहे.

रंकाळ्यावरून गंगावेशीकडे आलात तर दूधकट्ट्यावर म्हशी असतात. शांत असतात, पण देशी कुत्रा भुंकला की म्हैस शिंगं रोखते आणि गवळ्याची धार मोडते. वीस-पंचवीस पावलं लांबून जा.

उन्हाळ्यात मार्च ते मे सकाळी आठच्या आत घरी. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. काळ्या दगडाची फरशी आणि पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या डांबराइतक्याच तापतात. जीभ खूप रुंद बाहेर आली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटू लागले तर सावलीत घेऊन पोट, काखा आणि पंजे साध्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

पावसाळ्यात अडचण वेगळी. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो. त्याची लस दर वर्षी द्यावी लागते, जूनच्या आधी तारीख बघून ठेवा. पंचगंगेचं पाणी चढलं की घाटाची बाजू बंद समजा. घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करा. गोचिडांसाठी कान, मान आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ वर ओढायची. रॉकेल लावायचं नाही, ठेचायचीही नाही.

फुटबॉलचा हंगाम असला की सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या आसपासच्या पेठांत फटाके आणि मिरवणुका असतात. गणपती, दिवाळी लोकांच्या लक्षात राहते, हे राहत नाही. वर्तमानपत्रात सामना बघा आणि त्या संध्याकाळी फेरी लवकर उरका.

तिसरी फेरी तुम्हाला राजारामपुरीतून सर्वांत जवळची, शिवाजी विद्यापीठाची. मुख्य इमारतीसमोरचा अश्वारूढ शिवपुतळा १९७४ सालचा, शिल्पकार बी. आर. खेडकर. फेरफटक्याला येणारे लोक इथे पुष्कळ, पण कुत्रा आत नेण्याआधी प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाची परवानगी घ्या. आवारात मोर आहेत, देशी कुत्रा त्यांच्यामागे धावणारच, तेव्हा पट्टा एक क्षणही सोडू नका. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये वाळलेल्या गवताच्या कडेने जाऊ नका. कुसळाला काटे एकाच दिशेने असतात, त्यामुळे ते कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुत्रा अचानक एका बाजूला डोकं झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला तर कुसळ समजा. कानात चिमटा घालू नका, ते काम डॉक्टरचं.

कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा शेवटी ठेवा. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला हा घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे. एवढं वजन त्याने कसं तोललं असेल हे बाजूने बघितल्यावर कळतं, समोरून नाही. पण तिथे एसटी आणि ट्रक पहाटेही थांबत नाहीत. म्हणून दोघांना एकदम न नेता आधी लॅब्रेडोरला एकटीला न्या, लांबच्या फुटपाथवर दहा मिनिटं उभं राहून हॉर्नची सवय करा आणि परत या. देशी कुत्र्याची पाळी पुढच्या शनिवारी.