आजोबांच्या वाड्यातली संगमरवरी फरशी पिवळट, निस्तेज झाली आहे. बदलावी की पॉलिश करावी?

बदलू नका. पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक फरशी हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती खालून सुटली आहे. आपल्या विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे हे नेहमीचंच. अशा फरश्या आधी चुन्यात नीट बसवून घ्या, मग मशीन.

घासाई डायमंड पॅडने (हिऱ्याची पूड बसवलेली चकती), पाणी टाकत. नंबर जितका लहान तितका पॅड खरखरीत. ओरखडे खोल नसतील तर 200 किंवा 400 नंबरपासून 3000 पर्यंत चढत जायचं. थेट 50 नंबर लावणाऱ्याला तिथंच थांबवा, फरशी उगाच झिजते.

देवघरापुढचे तेलाचे डाग मात्र पॉलिशने जात नाहीत, तेल आत मुरलेलं असतं. खाण्याचा सोडा पाण्यात दाटसर कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, थर वाळला की खरवडा. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं.

दगडातल्याच लोखंडाने आलेला पिवळेपणा पूर्ण जात नाही. माझं मत विचाराल तर वाड्याला तो शोभतो.

संडास धुवायचं ॲसिड, लिंबू, चिंच अजिबात नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पडलं की चमक खाल्लीच. संत्र्याचा रस सांडला तरी लगेच पुसा.