हाराचा फोटो

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते, फोटोग्राफीच करायची. साठ हजारांचा कॅमेरा हवाय. तुम्ही या धंद्यात कशा आलात? कॅमेरा घ्यावा का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, कॅमेऱ्याचं मागाहून बघू. मी काही हौसेनं आले नाही. एस.टी. स्टँडसमोर वडिलांचा स्टुडिओ होता. १९८८मध्ये त्यांचा मदतनीस काम सोडून गेला आणि दहावीच्या सुट्टीत मी डार्करूममध्ये उभी राहिले. पहिल्याच आठवड्यात लग्नाचा रोल लाल दिव्यात उघडला! लाल उजेड कागदाला चालतो, फिल्मला नाही. ती मिट्ट अंधारात, बोटांच्या अंदाजानं रिळावर चढवायची. छत्तीसच्या छत्तीस निगेटिव्ह काळ्याठिक्कर. बाबा ओरडले नाहीत, मला घेऊन त्या घरी गेले. नवरा-नवरीला पुन्हा नटवून फोटो काढले, पण अक्षता पडतानाचा फोटो कुठून आणणार?

खरं शिकले ते हाराच्या फोटोंवर. माणूस गेलं की लोक एखादा लग्नाचा ग्रुप घेऊन यायचे; मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा. त्याची कॉपी निगेटिव्ह काढायची, म्हणजे फोटोचाच फोटो घ्यायचा, आणि त्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं सुरकुत्या, डाग भरायचे. एकदा एक आजी तयार फोटो बघून म्हणाल्या, "नाक त्यांचंच आहे गं, पण हे इतके शांत कधी नव्हते." कपाळावरची आठी मीच घालवली होती. पेन्सिल पुसून पुन्हा प्रिंट काढली.

बाईमाणसाचं म्हणाल, तर लग्नात "फोटोग्राफर कुठायत?" असं लोक मलाच विचारत. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, तरी त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०११मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. नवरीच्या खोलीत मात्र मला थेट प्रवेश असे, आणि बरीच कामं त्यामुळेच मिळाली.

साठ हजार तूर्त राहू द्या. एखादा वापरलेला कॅमेरा आणि ५० मि.मी.ची एकच लेन्स पुरे. उन्हाळ्यात तिला ओळखीच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला बसवा. चष्म्यावरची चमक कशी घालवायची, घाबरलेल्या पोराची मान कशी सरळ करायची, हे तिथंच कळतं. महिन्याभरात कंटाळली, तर बी.एस्सी. आहेच. नाही कंटाळली, तर पदवी पुरी करून माझ्याकडे पाठवा. लग्नसराईत मला दुसरा हात लागतोच.