सहरावी निर्वासितांसाठी काम: सुरुवातीला एवढंच

तुम्ही यायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आधी नकाशा पाठ करा, देणग्या गोळा करायच्या आपल्या स्टॉलवर पहिला प्रश्न "पश्चिम सहारा कुठे आलं?" हाच असतो. मोरोक्कोने तो प्रदेश ताब्यात घेतला तेव्हा पळालेल्या सहरावींच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या, अल्जीरियात तिंदूफजवळ १९७५-७६पासून छावण्या आहेत. स्मारा, दाखला, औसर्द ही त्यांची नावं मागे सुटलेल्या गावांची. एवढं सांगितलं तरी माणूस थांबतो. मग मोरोक्को आणि सहरावींची संघटना पोलिसारिओ यांच्यातली १९९१ची युद्धबंदी सांगा. तेव्हा स्वातंत्र्य की मोरोक्को यावर सार्वमत कबूल झालं होतं, ते अजून झालेलं नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:

- जुने कपडे गोळा करतात. वाळवंटापर्यंतचं भाडंच मालापेक्षा महाग पडतं. पैसेच मागा.
- रडक्या मुलांचे फोटो लावतात. नकोच.
- देणगीचा डबा एकट्याने मोजतात. दोघांनी, तिथल्या तिथे मोजा आणि दोघांनी सह्या करा. मी एकदा घरी नेऊन मोजला, साडेचार पौंडांचा मेळ लागेना. महिनाभर तोंड लपवत होतो!

इथे ब्रिटनमध्ये रस्त्यावर डबा फिरवायला परवाना लागतो, तो मी काढतो. कुणी मोरोक्कोची बाजू घेऊन भांडायला आलं, तर ऐकून घ्या आणि माझ्याकडे पाठवा. खासदारांना पत्रं वगैरे पुढे बघू. शनिवारी येताना थर्मास आणा, चहा तिथे महाग मिळतो.