अरबी समुद्रात अंधारात चमकणारा कंदीलमासा खरंच आहे का? मग तो बाजारात का दिसत नाही?

हो, आहे, आणि भरपूर आहे. पण तो खोल पाण्यातला आणि जेमतेम बोटाएवढा, म्हणून बाजारात येत नाही. इथला मुख्य कंदीलमासा म्हणजे बेंथोसेमा टेरोटम. लांबी साधारण ४-५ सेंटिमीटर, आयुष्य वर्षभराच्या आतच. पोटाखाली आणि कुशीवर बारीक मण्यांसारखे प्रकाश देणारे ठिपके असतात. शेपटीच्या देठावर नराला वरच्या बाजूला, तर मादीला खालच्या बाजूला चमकणारी ग्रंथी असते.

दिवसा हे थवे २०० ते ३०० मीटर खोलीवर, जिथे प्राणवायू फारच कमी असतो अशा थरात राहतात. तिथे पाठलाग करणारे मोठे मासे कमी येतात. अंधार पडला की वर येऊन प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, ताव मारतात आणि पहाटे पुन्हा खाली. रोजची एवढी चढउतार इतका लहान जीव करतो, हे मला फार विलक्षण वाटतं. मुंबईसमोर उथळ समुद्र खूप दूरपर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जाळ्यांत तो सापडत नाही. ओमानच्या आखातात मात्र याची दाटी सर्वाधिक.

ही माहिती मुख्यतः १९७०च्या दशकात ‘डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेच्या जहाजाने केलेल्या पाहण्यांमधून पुढे आली. त्यावरून मांडलेला १० कोटी टनांचा अंदाज तुम्हाला वाचायला मिळेल. तो ध्वनिलहरींच्या मोजणीवर आधारलेला आहे, तेव्हा तेवढा मासा हाती लागेल असं धरू नका.