किल्लारीच्या भूकंपानंतर तिथले लोक सावरले कसे?

पैसा आणि घरं तुलनेनं लवकर आली, गावपण यायला फार वेळ लागला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच छत अंगावर आलं. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. वाचलेले कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.

जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. सर्वाधिक पडझड झालेली पन्नासेक गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. म्हणजे भूकंपानं सगळ्यांना एका रांगेत आणलं आणि सरकारी नकाशानं पुन्हा वेगळं केलं! रस्ते रुंद आणि सरळ, पण जनावरं बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, याचा विचार कमीच. मग लोकांनीच घरापुढे पत्रे ठोकून गोठे उभे केले. माझ्या मते खरं पुनर्वसन तिथून सुरू झालं.

मुलांचं म्हणाल तर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आणि जिथे घरं दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्या बायकाच संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि प्रशासन यांच्यातला दुवा झाल्या. गवंडी काम नीट करतोय का, यावर त्यांची नजर असे.