ते भोक कशाला असतं हो? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : थ्री पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? आमच्याकडे मोबाईलचा चार्जर बसत नसेल तर मुलगा वरच्या भोकात पेन घालतो आणि मग चार्जर लावतो. चालतं का असं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चालतं म्हणजे काय, चार्जिंग होतं, पण करू नका. ती वरची पिन अर्थिंगची. लांब असते कारण प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. समजा इस्त्रीच्या आत वायर सुटून पत्र्याला टेकली, तर करंट तुमच्या हातातून न जाता अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा, तेवढ्यात फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी पडतो. म्हणजे ती पिन आधी जोडलेली असली पाहिजे, मग बाकीचं. आणि जाड का, तर चुकून खालच्या भोकात जाऊच नये म्हणून. घरातल्या छोट्या 6 अँपिअरच्या प्लगला खालच्या पिना साधारण 5 मिलिमीटर, वरची 7, घालून बघा म्हटलं तरी जात नाही.

आता पेनचं. नवीन सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांना आतून प्लास्टिकचं झाकण असतं, लहान पोरांनी खिळा किंवा हेअरपिन घालू नये म्हणून, आणि ते झाकण वरची पिन आत गेली की सरकतं. म्हणजे तुमचा मुलगा पेन घालून नेमकी तीच सोय मोडीत काढतोय (हुशार आहे, हे मान्य!). त्यात पेनची रिफील धातूची असली तर विचारूच नका. सरळ थ्री पिन ॲडॉप्टर आणा, फार महाग नसतो.

प्रश्न : कुलुपाच्या बुडाला चावीच्या भोकाशेजारी एक बारीक भोक असतं. घाण जाते म्हणून आमच्या ह्यांनी ते एम-सीलने बुजवून टाकलं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : अरेरे! पावसाचं पाणी आत गेलं तर बाहेर पडायला असतं हो ते, आणि चिपळूणच्या पावसात गेटच्या कुलुपाला तर त्याचीच गरज. बुजवलं की पाणी आतच राहणार, मग गंज, मग एक दिवस चावी फिरणार नाही. टाचणीने टोकरून मोकळं करा आणि त्याच भोकातून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

प्रश्न : किचनमधून बेडरूममध्ये जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. सासूबाई म्हणतात वय झालं. मी 38 वर्षांची आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वय वगैरे काही नाही, हे कॉलेजच्या पोरांनाही होतं. अमेरिकेत नोत्र दाम युनिव्हर्सिटीत गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी विद्यार्थ्यांवरच प्रयोग केले, 2011 साली ते छापून आले. एका टेबलावरची वस्तू उचलून दुसऱ्या टेबलाकडे न्यायची, अंतर तेवढंच, फक्त कधी एकाच खोलीत आणि कधी मधे दार. दार ओलांडलं की विसरायचं प्रमाण वाढलं. त्यांचं म्हणणं असं की उंबरठा ओलांडला की मेंदू आधीच्या खोलीचा हिशोब मिटवतो आणि नवीन पान उघडतो. आणि गंमत म्हणजे आपण जे करतो ना, परत किचनमध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे आठवेल, त्याचा त्या प्रयोगात काही फायदा दिसला नाही.

पण 2021 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं की नुसतं दार ओलांडून फारसं काही होत नाही, डोक्यावर आधीच जास्त लोड असेल तेव्हाच विसरायला होतं. हे मला जास्त पटतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, डब्याला काय द्यायचं, ऑफिसचा कॉल, आणि त्यात कात्री आणायला आत जायचं, विसरणारच की. मी तर "कात्री कात्री" असं तोंडाने म्हणत जातो, घरचे हसतात, पण कात्री येते. सासूबाईंना सांगा की जरा दोन कामं उचला, स्मरणशक्ती आपोआप सुधारेल.

प्रश्न : जीन्सच्या खिशात अजून एक एवढासा खिसा कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : साखळीच्या घड्याळासाठी. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी रिव्हेटवाल्या (खिशाच्या कोपऱ्यांना धातूच्या टिकल्या ठोकलेल्या) पँटचं, म्हणजे आपल्या जीन्सचंच, पेटंट 1873 मध्ये घेतलं, तेव्हा मनगटावर कोण घड्याळ बांधत होतं, कामगार खिशातच ठेवायचे. घड्याळ गेलं, खिसा राहिला. धुवायला टाकताना तो तेवढा तपासत जा, माझी पाचशेची नोट मागच्याच आठवड्यात त्यात लगदा होऊन निघाली.