मुंग्यांना पत्ता कुणी दिला?

टोरांटोहून एका लेकीचं पत्र आलंय. बाबा सदाशिव पेठेत, वय ७१, मधुमेह जुना. व्हिडिओ कॉलवर साखर विचारली की म्हणतात, "मी साखर कारखानाच आहे, फक्त ऊस लागत नाही." फ्रिजवर त्यांनी पाटी लावलीय: 'साखरेची चौकशी दुपारी १ ते ४ बंद.' आई हसते, ही चिडते. बाबा आजाराची थट्टा करतात, काय करू?

पहिलं म्हणजे ती पाटी राहू द्या. ताप येतो आणि जातो. हा पाहुणा मुक्कामालाच आलाय. त्यात लग्नाकार्यात एक जण "एका जिलबीने काय होतंय" म्हणणार, दुसरा ताटाकडे डोळे वटारणार. माणसाने किती दिवस गंभीर राहायचं? मीही गोळ्या घेते. आमच्याकडे ग्लुकोमीटरला 'सासूबाई' म्हणतात: सकाळी उठल्याउठल्या टोचतात आणि वर आकडा ऐकवतात.

मात्र विनोद ज्याचा आजार त्याने करावा. तुम्ही "खा अजून गुलाबजाम" म्हणालात की तो टोमणा होतो, आणि बाबा आकडे लपवायला लागतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की हल्ली बाबा म्हणतात, "पायाला मुंग्या येतात. इथे साखर आहे हे त्यांना कळलेलं दिसतंय." मी खळखळून हसले, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा दुखावल्या की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. मग चपलेतला खडा टोचलेलाही कळत नाही आणि जखम चिघळते. तेव्हा या विनोदाला दाद द्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवायला सांगा. पुढे वर्षातून एकदा तरी ही तपासणी हवी, आणि तळवे रोज स्वतः पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा धरून.

दुसरी खूण उलट बाजूची. हसरा माणूस अचानक घामाघूम, थरथरता, चिडका झाला तर साखर उतरलेली असू शकते. (पुण्यात चिडचिड वेगळी ओळखू येणं अवघड, हे मान्य.) आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना. हे आईला पाठ हवं, कारण तुम्ही तिथून चमचा देऊ शकत नाही.

रोजची चौकशी बंद करा. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. तेवढा एक आकडा थट्टा न करता सांगायचा, असा बाबांशी करार करा. बाकी वेळ त्यांचा.

आणि इन्सुलिन १९२१ मध्ये तुमच्याच टोरांटोत सापडलं, हे त्यांना सांगून पाहा. "मग तिथून येताना मेपल सिरप का आणतेस?" असं विचारतील बहुतेक.